सुलेखनाच्या सरावाचा कागद: रीम विकत घेण्याआधी करायची तपासणी

सुलेखन शिकू लागलेले बहुतेक जण साहित्य उलट्या क्रमाने जमवतात. आधी कागदाची रीम येते, मग निब येते, आणि शाई सर्वांत शेवटी, हाताशी असेल ती. लिहायला बसल्यावर अक्षरांच्या कडा फुटतात, बारीक रेघ जाड उमटते, निब कागदात अडकते, आणि शिकणारा हा सगळा दोष स्वतःच्या हाताला देतो. पुढचे कित्येक दिवस तो वळण सुधारण्यात घालवतो. प्रत्यक्षात बदलायला हवा असतो कागद. माझ्या सुरुवातीच्या सरावाचे कागद मी अजून जपून ठेवले आहेत, पण त्यांतल्या रेघांत माझी चूक किती आणि कागदाची किती, हे आज भिंगातून पाहूनही मला वेगळे काढता येत नाही.

सरावाच्या कागदाकडून एकच गोष्ट मागायची असते. हाताने जे केले तेच त्याने दाखवावे. चूक झाकू नये आणि वाढवूही नये. महाग कागद हे काम करीलच असे नाही, आणि स्वस्त कागद करणारच नाही असेही नाही. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने करावेत, कारण प्रत्येक टप्प्याचा निकाल पुढच्या टप्प्यात उपयोगी पडतो.

## सुरुवातीला: दोष ओळखायला शिका

“कागद खराब आहे” एवढ्या एका वाक्यात निदान पाच वेगळे दोष गुंडाळले जातात, आणि त्यांची कारणे वेगळी असल्यामुळे उपायही वेगळे असतात.

शाई फुटणे म्हणजे रेघेच्या कडेतून केसांसारखे बारीक फाटे निघणे. शाई कागदाच्या तंतूंमधून धावते आणि तंतू जिकडे वळले असतील तिकडे जाते. शाई पसरणे हा याचाच फसवा प्रकार आहे: कड स्वच्छ राहते, पण रेघ सगळीकडून सारखी जाड होते. पसरणे लवकर लक्षात येत नाही, म्हणून ते शिकणाऱ्याचे जास्त नुकसान करते. बारीक रेघ जाड येते म्हणून तो दाब कमी करत जातो आणि शेवटी त्याचा हात थरथरू लागतो.

शाई झिरपणे म्हणजे ती कागदाच्या पाठीवर ठिपक्यांनी उमटणे. कागद पातळ असल्यामुळे पुढची रेघ मागून नुसती सावलीसारखी दिसत असेल, तर ते झिरपणे नव्हे. सरावाच्या दृष्टीने त्यात काहीच वाईट नाही. उलट असा कागद आखणीवर ठेवायला सोयीचा असतो. शाई गोळा होणे हा फुटण्याच्या अगदी उलट दोष आहे: पृष्ठभाग शाई घेतच नाही, रेघ मध्ये मध्ये तुटते आणि शाईचे मणी उभे राहतात. पाचवा दोष तंतू उचकटण्याचा. निबेच्या टोकात कागदाचा तंतू अडकतो, आणि पुढची प्रत्येक बारीक रेघ झाडूने ओढल्यासारखी येते.

## टप्पा १: लेखणी आणि शाई आधी ठरवा

कागदाचा चांगलेपणा लेखणीवर अवलंबून असतो. टोकदार, लवचीक निबेला सर्वांत गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, कारण वर जाणाऱ्या बारीक रेघेत तिचे टोक कागदाला समोरून भिडते. चपट्या निबेला, म्हणजे कटनिबेला किंवा बोरूला, किंचित पकड असलेला कागद चालतो, किंबहुना तोच बरा. अति गुळगुळीत कागदावर रुंद निब घसरते आणि दंड, म्हणजे अक्षराची उभी जाड रेघ, सरळ राहत नाही. ब्रश पेनचे टोक फेल्टचे असेल, तर खरखरीत कागद ते टोक झिजवून टाकतो. अशा पेनसाठी गुळगुळीत कागद घेतला तर लेखणीच वाचते.

निबेची रुंदी कागदाचा आकारही ठरवते. मधल्या अक्षराची उंची निबेच्या पाच रुंदींइतकी धरली, तर ४ मिलिमीटरच्या निबेला २० मिलिमीटर लागतात. वरखालच्या मात्रा-उकारांसाठी साधारण तेवढीच जागा आणखी सोडली की एक ओळ ४० मिलिमीटरची होते. एफोर कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो, म्हणजे समास सोडून त्यावर सहा ओळीच मावतात. ४ मिलिमीटरच्या पुढच्या निबेसाठी २९७ × ४२० मिलिमीटरचा एथ्री कागद घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. लहान कागदावर मोठी निब चालवली की हात आखडतो आणि अक्षरे कडेला येऊन चेपतात.

शाईबाबत एवढे लक्षात ठेवावे की फाउंटन पेनची रंगद्रावणाची शाई पातळ असते आणि साध्या कागदावर लवकर फुटते. काळी इंडिया इंक, लोहयुक्त गॉल शाई (झाडावरच्या गाठी आणि लोहक्षार यांपासून केलेली) किंवा पाण्यात कालवलेला ग्वाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, यांचे वर्तन वेगवेगळे असते, आणि त्याच कागदावर ते बरेच चांगले निकाल देऊ शकतात.

> इशारा: लाख असलेली इंडिया इंक फाउंटन पेनमध्ये भरू नये. ती आत वाळून पेन कायमचे बंद करते. ती फक्त बुडवून लिहायच्या निबेसाठी आहे.

कुंचल्याने लिहिण्याच्या चिनी-जपानी पद्धतीला हा लेख जसाच्या तसा लावू नये. तिथे कच्च्या, म्हणजे खळ न दिलेल्या, श्वान (xuan) नावाच्या चिनी कागदावर शाई पसरावी हीच अपेक्षा असते, आणि पसरू नये असे वाटले तर तुरटी व सरस दिलेला पक्का श्वान कागद घेतात. अरबी-फारसी लेखनात याच्या दुसऱ्या टोकाचा कागद लागतो: अंड्याचा पांढरा बलक आणि तुरटी यांचा लेप देऊन घोटलेला, ज्यावर शाई वरच थांबते आणि चुकलेले अक्षर ओल्या बोळ्याने पुसता येते.

## टप्पा २: वेष्टनावरची माहिती वाचा, पण तिच्यावर निवड करू नका

वेष्टनावर सर्वांत ठळक असतो तो जीएसएमचा आकडा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. एफोर कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणून ८० जीएसएमचा एक कागद सुमारे ५ ग्रॅमचा आणि ५०० कागदांची रीम सुमारे अडीच किलोची भरते. या आकड्यातून कागदाचे वजन कळते. शाई फुटेल की नाही, हे त्यातून कळत नाही.

फुटणे ठरवते ती खळ. कागद तयार होताना लगद्यात किंवा वरून स्टार्च, सरस किंवा तत्सम पदार्थ देतात, त्यामुळे तंतू पाणी चटकन शोषत नाहीत. टिपकागदाला जवळजवळ खळ नसते, म्हणून जाड असूनही तो शाई पिऊन टाकतो. याउलट टोमोए रिव्हर हा कागद अवघ्या ५२ जीएसएमचाही मिळतो, आणि त्यावर फाउंटन पेनची शाई फुटत नाही. ऱ्होडियाच्या ८० जीएसएमच्या लेखनपॅडचीही तीच गोष्ट आहे. जाडीच्या आकड्यावर पैसे खर्च करणाऱ्याने ही उदाहरणे लक्षात ठेवावीत.

खळ किती आहे हे वेष्टनावर लिहिलेले नसते. मात्र कागद कशासाठी बनवला आहे ते लिहिलेले असते, आणि त्यावरून यादी छाटता येते. लेसर प्रिंटरसाठीचा गुळगुळीत कागद, ९० ते १२० जीएसएमचा, हा बहुतेकांसाठी सुरुवात करायला योग्य. फाउंटन पेनसाठी बनवलेली पॅड चांगली असतात, पण भरपूर सरावाला महाग पडतात. लेआउट किंवा मार्कर पॅडचा कागद पातळ आणि अर्धपारदर्शक असतो. त्याखाली आखणी स्पष्ट दिसते. चपट्या निबेच्या सरावाला मला तो फार सोयीचा वाटतो.

काही कागद मात्र तपासणीपर्यंतही नेऊ नयेत. झिलईदार फोटो कागद शाई वाळू देत नाही. इंकजेटसाठी खास मॅट थर दिलेल्या कागदाचा थर टोकदार निबेने खरवडला जातो आणि त्याची पूड निबेत भरते. ट्रेसिंग कागद भरपूर ओल्या शाईने सुरकुततो. जलरंगाच्या खडबडीत कागदावर बारीक रेघ शिकता येत नाही. जलरंगाचाच कागद घ्यायचा झाला तर उष्ण दाबाचा, म्हणजे हॉट प्रेस, घ्यावा, आणि तोही अंतिम कामासाठी. आम्लरहित कागदाचा गुण टिकाऊपणाशी संबंधित आहे. सरावाचे कागद आपण दशकानुदशके ठेवत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

## टप्पा ३: नमुने गोळा करा

तीन ते पाच प्रकारांचे दोन-दोन कागद मिळवावेत. ओळखीच्या कार्यालयातून, छपाईच्या दुकानातून किंवा सोबत शिकणाऱ्यांकडून सुटे कागद मागता येतात. प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नाव, जीएसएम आणि “अ” किंवा “ब” अशी बाजू लिहावी. काही कागदांच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि हे बोटाला कळण्याआधी निबेला कळते. काही रीमच्या वेष्टनावर छपाईची बाजू दाखवणारा बाण असतो. तो दिसला तर त्या बाजूला “अ” म्हणावे.

> तपासून पाहा: नमुने हाताळण्याआधी हात धुऊन पुसले आहेत ना? बोटांचे तेल लागलेल्या जागी शाई गोळा होते, आणि त्या एका डागामुळे चांगला कागद बाद ठरू शकतो.

## टप्पा ४: प्रत्येक नमुन्यावर तीच चाचणी

या टप्प्याला घाई करू नये. सगळे नमुने एकाच दिवशी, त्याच निबेने, त्याच शाईने आणि त्याच टेबलावर तपासावेत. दोन दिवसांत वाटून केलेली तुलना विश्वासाची नसते, कारण दमट हवेत कागद ओलावा धरतो आणि तोच कागद अधिक फुटतो.

निब तयार करा. कारखान्यातून आलेल्या नव्या निबेवर गंज लागू नये म्हणून तेलाचा किंवा लाखेचा पातळ थर असतो. तो न काढता लिहिले तर शाई निबेवरून ओघळते, एकदम गोळा होऊन पडते किंवा उतरतच नाही, आणि दोष कागदाला लागतो. साबणाच्या पाण्याने निब धुऊन मऊ फडक्याने कोरडी करावी. शाईत बुडवून वर काढल्यावर शाईचा सलग पडदा दिसला तर निब तयार आहे. थेंब थेंब दिसले तर पुन्हा धुवावी.

गादी घाला. नमुन्याखाली पाच-सहा कोरे कागद ठेवावेत. थेट कठीण टेबलावर लिहिले तर चांगला कागदही खरखरीत वाटतो. हाताखाली वेगळा एक कागद धरावा, म्हणजे तळहाताचे तेल नमुन्याला लागणार नाही.

आता प्रत्येक नमुन्याच्या “अ” बाजूवर पुढील क्रमाने लिहावे:

1. दहा बारीक रेघा, कमीत कमी दाबाने. टोकदार निबेने खालून वर न्याव्यात. चपट्या निबेने तिच्या धारेच्या दिशेने ओढाव्यात.
2. पाच जाड दंड, सावकाश, नेहमीच्या सरावाच्या गतीने.
3. ओला असतानाच एका दंडाला छेदून दुसरा दंड. दोन्हींची शाई जिथे एकत्र येते तिथे कागदाचा पृष्ठभाग उकलतो का, ते इथे कळते.
4. निब टेकवून मनात तीन आकडे मोजेपर्यंतचा थांबा. शिकणारा जागोजागी थांबतो, त्यामुळे कागदाला हा ठिपका झेपला पाहिजे.
5. लहान पोटाच्या अक्षरांची एक ओळ: ब, ष, थ, भ, क्ष. शाई पसरत असेल तर सर्वांत आधी ही पोटे बुजतात.
6. शेवटी तीन दंड शेजारी शेजारी. पहिल्याला १५, दुसऱ्याला ३० आणि तिसऱ्याला ६० सेकंदांनी टिपकागद लावावा आणि वाळण्याचा वेळ लिहून ठेवावा.

मग हीच सगळी चाचणी दुसऱ्या कागदाच्या “ब” बाजूवर करावी. एकाच कागदावर पाठपोट करू नये, नाहीतर मागे उमटलेली शाई कोणत्या बाजूची, हे कळणार नाही.

> इशारा: चाचणी लगेच तपासू नये. काही कागदांवर शाई वाळेपर्यंत पसरत राहते. सगळे नमुने तासभर सपाट ठेवावेत आणि मगच भिंग हातात घ्यावे.

## टप्पा ५: निकाल वाचा आणि दोष कुणाचा ते ठरवा

भिंगातून आधी बारीक रेघांच्या कडा पाहाव्यात, मग अक्षरांची पोटे, मग छेद, आणि शेवटी कागदाची पाठ. पाठीवर थांब्याच्या ठिपक्याजागीच डाग आला असेल तर सरावाला कागद चालेल. जाड दंडांजागी सलग डाग असतील तर तो बाद करावा.

आता शिकणारे सर्वाधिक चुकतात तो भाग येतो. फुटलेली रेघ दिसली की ते एकदम कागद, शाई आणि निब तिन्ही बदलतात, आणि दोष कुठे होता हे कायमचे अंधारात राहते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तोच कागद आणि तीच निब ठेवून शाई बदलली आणि फुटणे थांबले, तर कागद ठेवून शाई बदलता येते. सगळ्या शाया त्या कागदावर फुटत असतील तर कागदाला खळ कमी आहे. एका भागात फुटते आणि दुसऱ्यात नाही, असे असेल तर त्या भागाला ओल लागली आहे, किंवा कागदाची वीण एकसारखी नाही. अशा कागदावर सराव करू नये, कारण तो आज एक सांगेल आणि उद्या दुसरे.

बुडवून लिहायची पातळ शाई सगळीकडे थोडी फुटत असेल, तर तिच्यात बाभळीच्या डिंकाचे द्रावण एक-एक थेंब घालून, प्रत्येक थेंबानंतर एक रेघ ओढून पाहावी. शाई दाट होते आणि कड सुधारते. जास्त झाले तर शाई निबेवरून उतरत नाही.

> इशारा: हा उपाय बाटलीभर शाईवर करू नये, लहान वाटीत काढलेल्या शाईवर करावा. फाउंटन पेनमध्ये डिंक घातलेली शाई कधीही भरू नये.

निब अडकत असेल तर कागद बाद करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. निबेच्या फटीत तंतू अडकला आहे का? असल्यास तो काढून, निब पुसून पुन्हा लिहावे. आणि वर जाणारी रेघ दाब देऊन काढली जात आहे का? टोकदार निबेने वरच्या दिशेला दाब दिला तर ती कुठल्याही कागदात रुतते. या दोन्ही गोष्टी निस्तरूनही प्रत्येक ओळीत नवा तंतू निघत असेल, तर मात्र तो कागद त्या निबेचा नाही. तोच कागद चपट्या निबेला चालू शकतो, म्हणून टाकून देऊ नये.

शेवटी पसंतीचा एक कागद निवडावा, आणि निवडल्यावर काही महिने तो बदलू नये. रोज नवा कागद वापरणाऱ्याला कालच्या रेघेची आजच्या रेघेशी तुलनाच करता येत नाही.

## टप्पा ६: आखणी

आखणीच्या ओळी कागदावर छापण्यापेक्षा खाली ठेवणे चांगले. इंकजेटने छापलेल्या रेघा ओल्या शाईत विरघळून तिचा रंग बिघडवू शकतात. लेसरच्या रेघा विरघळत नाहीत, पण टोनर प्लास्टिकसारखा असल्यामुळे त्यावर शाई तुटते. एकच आखणी गडद छापून ती सरावाच्या कागदाखाली क्लिपने अडकवावी. कागद जाड असेल तर लाइटपॅड, म्हणजे खालून उजेड देणारी सपाट पाटी, वापरावे. छापायचेच असेल तर लेसरने, फिक्या करड्या रंगात आणि अतिशय बारीक रेघा छापाव्यात.

> तपासून पाहा: आखणी छापताना प्रिंटरच्या पडद्यावर “पानात बसवा” हा पर्याय बंद करून १०० टक्के मोजमाप निवडले का? पानाच्या कडेला १०० मिलिमीटरची एक रेघ ठेवून छापावी आणि पट्टीने मोजावी. ती ९६ भरली, तर निबेच्या रुंदीवरून काढलेली सगळी उंची चुकलेली असते, आणि शिकणारा अक्षरे जाड येतात म्हणून उगाच चिंता करत राहतो.

## टप्पा ७: खरेदी आणि साठवण

पहिल्यांदा एकच रीम घ्यावी. शक्य असल्यास याच कागदाचे पंचवीस-तीस कागद वेगळे काढून महिन्यातून एकदा करायच्या स्वच्छ प्रतीसाठी ठेवावेत, म्हणजे प्रगती एकाच पृष्ठभागावर मोजता येते.

रीम आडवी आणि सपाट ठेवावी, मूळ वेष्टनातच. उभी ठेवलेली रीम वाकते, आणि वाकलेल्या कागदावर निबेची धार पूर्ण टेकत नाही. वेष्टन एका बाजूने उघडून लागतील तेवढेच कागद काढावेत आणि ते पुन्हा दुमडून बंद करावे. पावसाळी दमट दिवसांत उघडी राहिलेली रीम आधी चांगली होती आणि आता फुटते, असा अनुभव आला तर कागद कोरड्या खोलीत एक-दोन दिवस सपाट ठेवून पुन्हा चाचणी घ्यावी. बहुतेक वेळा तो सुधारतो.

चाचणीचे निवडलेले कागद फाइलमध्ये जपून ठेवावेत. तेच नाव असलेली नवी रीमही वेगळी निघू शकते. म्हणून नवी रीम उघडली की तिच्या पहिल्या कागदावर टप्पा ४ मधल्या पहिल्या पाच खुणा काढाव्यात, तासाभराने तो जुन्या चाचणीच्या कागदाशेजारी ठेवावा आणि भिंगातून दोन्हींच्या बारीक रेघा पाहाव्यात. फरक दिसला तर ती रीम पेन्सिलीच्या सरावाला आणि निबेखालच्या गादीला वापरावी, आणि शाईच्या सरावासाठी टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात करावी.